बायबलमधले वचन कसे वाचावे? नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न

गोव्यात चवथीच्या नेवऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जातात आणि नाताळच्या नेवऱ्या आपल्याकडे येतात. इतके जवळ राहूनही एकमेकांच्या धर्मग्रंथांविषयी आपली माहिती बहुधा ऐकीव असते. इगर्जीतल्या लग्नात कानावर पडलेला एखादा उतारा, कोणीतरी मोबाईलवर पाठवलेले एखादे वचन, एवढ्यावरच मत बनते आणि प्रसंगी वादही होतो. असे वाद टळावेत आणि ज्यांना हा ग्रंथ जिज्ञासेने वाचायचा आहे त्यांना वाट सापडावी, म्हणून वारंवार विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. श्रद्धेचा प्रचार किंवा टीका हा या लेखाचा हेतू नाही. ग्रंथ वाचण्याची रीत समजून घेणे, एवढाच आहे.

बायबल हा एक ग्रंथ आहे का?

बायबल हा अनेक ग्रंथांचा संग्रह आहे. त्याचे दोन मोठे भाग आहेत: जुना करार आणि नवा करार. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत असून दानीएल, एज्रा यांसारख्या पुस्तकांतला काही भाग अरामी भाषेत आहे. तो मूळचा यहुदी लोकांचा धर्मग्रंथ. नव्या करारात २७ पुस्तके असून ती ग्रीक भाषेत लिहिली गेली. हे सारे लेखन कित्येक शतकांत, वेगवेगळ्या हातांनी झाले. त्यात वंशावळी आहेत, कायदे आहेत, राजांचा इतिहास आहे, प्रार्थनागीते आहेत, सुभाषिते आहेत, प्रेमगीते आहेत, पत्रे आहेत आणि दृष्टान्तही आहेत.

म्हणून ‘बायबल काय म्हणते?’ या प्रश्नाच्या आधी ‘बायबलमधले कोणते पुस्तक?’ हे विचारावे लागते. बखर, अभंग, भारूड आणि दानपत्र एकाच बासनात बांधलेले असले, तरी आपण ते एकाच पद्धतीने वाचत नाही. येथेही तसेच आहे.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचे बायबल वेगळे असते का?

नवा करार दोघांचा सारखाच आहे. फरक जुन्या करारात आहे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये जुन्या कराराची ३९ पुस्तके असतात, कॅथलिक बायबलमध्ये ४६. म्हणजे एकूण ६६ आणि ७३. तोबित, यहुदीथ, मक्काबी यांची दोन पुस्तके वगैरे जास्तीची पुस्तके ग्रीक भाषिक यहुद्यांच्या संग्रहात होती. प्रोटेस्टंट सुधारकांनी हिब्रू संग्रह प्रमाण मानला, तर कॅथलिक चर्चने १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेत मोठा संग्रह पुन्हा अधिकृत ठरवला. तेव्हा एखादे वचन आपल्या प्रतीत सापडले नाही तर ते कोणी तरी रचले असा निष्कर्ष लगेच काढू नये. आधी आपल्या हातातली प्रत कोणत्या परंपरेची आहे ते पाहावे.

‘मत्तय ५:३८’ असे आकडे असतात, ते मुळातले आहेत का?

नाहीत. या खुणेचा अर्थ मत्तयच्या पुस्तकातला पाचवा अध्याय, अडतिसावे वचन. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची असून तिचे श्रेय सामान्यतः स्टीफन लँग्टन यांना दिले जाते. नव्या करारातले वचनांचे आकडे त्याहून अलीकडचे. रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली छापलेल्या ग्रीक प्रतीत ते प्रथम आले.

ही माहिती किरकोळ वाटेल, पण तिचा उपयोग मोठा आहे. आकडे शोधाशोधीच्या सोयीसाठी आहेत. त्यांच्यामुळे प्रत्येक वचन सुटे, स्वयंपूर्ण वाटू लागते आणि मागचे-पुढचे तुटते. पौलाने पत्र लिहिले तेव्हा ते अखंड पत्र होते. कोणाच्याही पत्रातली एक ओळ कापून त्याचा निवाडा करणे योग्य ठरणार नाही.

त्यातले सगळे अक्षरशः घ्यायचे का?

ख्रिस्ती परंपरेतच या प्रश्नावर जुनी चर्चा आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात वनस्पती, प्राणी आणि शेवटी माणूस असा क्रम आहे. दुसऱ्या अध्यायात माणूस आधी येतो, मग बाग आणि प्राणी. संकलन करणाऱ्यांनी दोन्ही वर्णने शेजारी शेजारी ठेवली, म्हणजे घटनांची वेळापत्रकासारखी नोंद हा त्यांचा हेतू नसावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनीही सृष्टीचे सहा दिवस म्हणजे आपले चोवीस तासांचे दिवस असे मानले नव्हते. आधुनिक विज्ञान येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आजही काही पंथ हे अध्याय शब्दशः घेतात, तर कॅथलिक आणि बरेच प्रोटेस्टंट पंथ तसे घेत नाहीत.

येशूच्या बोलण्यात अतिशयोक्ती पुष्कळ आहे. उजवा हात पापाला कारण होत असेल तर तो तोडून टाक, असे तो सांगतो. ख्रिस्ती समाजाने हा कधी नियम मानला नाही. ऐकणाऱ्याला हादरवण्याची ती बोलण्याची ढब आहे, हे आपल्या संतांची परखड वाणी ऐकलेल्या मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

तीन राजांची गोष्ट बायबलमध्ये आहे ना?

रेइश मागूश, चांदर आणि कासावली येथे ६ जानेवारीला तीन राजांचे फेस्त होते. त्यामुळे गोव्यात हा प्रश्न हमखास येतो. मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांचा उल्लेख आहे. पण ते तीन होते असे तेथे नाही, राजे होते असेही नाही आणि त्यांची नावेही नाहीत. भेटी तीन आहेत: सोने, ऊद आणि गंधरस. त्यावरून तीन माणसांची कल्पना पुढे रूढ झाली. तसेच एदेन बागेतल्या फळाचे. ते सफरचंद होते असे उत्पत्तीत कोठेही म्हटलेले नाही.

याचा अर्थ फेस्त खोटे असा नव्हे. ग्रंथात काय आहे आणि परंपरेने त्यावर काय उभे केले, हे दोन थर वेगळे ओळखता आले पाहिजेत, इतकेच. रामायणाची मूळ संहिता आणि गावोगावची रामकथा यांत आपण हा फरक करतोच.

चार शुभवर्तमाने एकमेकांशी जुळत का नाहीत?

येशूचे चरित्र मत्तय, मार्क, लूक आणि योहान अशा चौघांच्या नावे आहे. मंदिरातल्या व्यापाऱ्यांना येशूने हुसकावल्याचा प्रसंग योहान सुरुवातीला, दुसऱ्या अध्यायात सांगतो. बाकीचे तिघे तो अखेरच्या आठवड्यात सांगतात. मत्तयमधले प्रसिद्ध प्रवचन डोंगरावर होते, लूकमध्ये त्याच्याशी मिळतेजुळते प्रवचन सपाटीवर. मत्तय ‘आत्म्याने दीन’ असलेल्यांना धन्य म्हणतो, लूक सरळ गरिबांना.

दुसऱ्या शतकात तातियन याने चारही मिळून एक सलग चरित्र रचले होते. सीरियातल्या ख्रिस्ती समाजात ते बराच काळ चालले. तरीही अखेर चर्चने चार वेगळी चरित्रेच ठेवली. प्रत्येकाचा श्रोता वेगळा, भर वेगळा. म्हणून चौघांचे मिळून एक करण्याआधी प्रत्येकाला त्याचे बोलू द्यावे, ही अभ्यासाची पहिली पायरी.

‘डोळ्याबद्दल डोळा’ हा सूड घेण्याचा आदेश आहे का?

हा निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायातला कायदा आहे. प्राचीन समाजात एका डोळ्याच्या बदल्यात त्याहून मोठा सूड घेतला जाण्याचा धोका असे. तेथे ‘डोळ्याच्या बदल्यात डोळाच, अधिक नाही’ ही बदल्याला घातलेली मर्यादा होती. यहुदी धर्मपंडितांनी पुढे याचा अर्थ नुकसानभरपाई असा लावला. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू हेच वचन घेऊन बदला घेऊच नका असे सांगतो. एकाच ग्रंथात नंतरचा आवाज आधीच्या आवाजाचा अर्थ पुन्हा लावतो. बायबल वाचताना हे सतत भेटते.

स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, असे त्यात लिहिले आहे का?

लिहिले आहे. करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १४, वचने ३४–३५. ही वचने दाखवून स्त्रियांना शतकानुशतके बोलण्यापासून, शिकवण्यापासून दूर ठेवले गेले. म्हणूनच ती नीट वाचणे गरजेचे आहे.

याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रिया सभेत प्रार्थना करतात आणि संदेश देतात हे पौल गृहीत धरतो. केस झाकावेत की नाही एवढाच तेथे वाद आहे. काही जुन्या हस्तलिखितांत चौदाव्या अध्यायातली ही दोन वचने वेगळ्या जागी, अध्यायाच्या शेवटी येतात. त्यामुळे ती मुळात समासातली टीप असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. इतरांच्या मते हा त्या एका सभेतल्या गोंधळावरचा तात्पुरता उपाय होता. काही पंथ मात्र आजही तो कायमचा नियम मानतात. गलतीकरांस पत्रात पौल ख्रिस्ताच्या ठायी स्त्री-पुरुष भेद उरत नाही असे म्हणतो, आणि प्रेषितांच्या कृत्यांत प्रिस्किल्ला ही स्त्री पतीसह अपुल्लो नावाच्या विद्वानाला शिकवते.

भाषांतरकाराच्या एका शब्दाने येथे किती फरक पडतो पाहा. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात फीबी नावाच्या स्त्रीसाठी ‘दियाकोनोस’ हा ग्रीक शब्द आला आहे. त्याचे ‘सेविका’ असे भाषांतर केले तर ती मदतनीस वाटते. पण पुरुषांच्या बाबतीत हाच शब्द चर्चमधल्या एका पदासाठी योजलेला आहे. फीबीलाही पद होते असे मानले तर सारे चित्रच बदलते.

मराठीत या प्रश्नाला एक मोठे उत्तर कृतीने मिळाले. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या बायबलचे मराठी भाषांतर केले. साध्या, कमी शिकलेल्या स्त्रियांनाही ते वाचता यावे असा त्यांचा आग्रह होता. आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्या हे काम करत होत्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली ते प्रसिद्ध झाले.

बायबल गुलामगिरीला मान्यता देते का?

इफिसकरांस पत्रात दासांनी धन्याची आज्ञा पाळावी असे आहे. अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी या वचनाचा भरपूर वापर केला. त्याच अमेरिकेत गुलामांनी आणि गुलामगिरीच्या विरोधकांनी निर्गमाचे पुस्तक उचलून धरले. त्यात देव इजिप्तमधल्या गुलामांची सुटका करतो. एकच ग्रंथ, दोन्ही बाजूंच्या हातात. पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले छोटे पत्रही वाचावे. त्यात तो एका धन्याला त्याच्या दासाचा, अनेसिमाचा, दास म्हणून नव्हे तर भाऊ म्हणून स्वीकार करायला सांगतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. वचन कोणी निवडले, कोणाविरुद्ध वापरले, आणि त्याच ग्रंथातले दुसरे कोणते वचन झाकून ठेवले, हेही वाचनाचाच भाग आहे. कोणत्याही धर्मग्रंथाला हे लागू पडते. आपल्याही.

६६६ या आकड्याचा अर्थ काय?

हा आकडा प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात येतो. त्यावरून भाकिते करणारे संदेश नेहमी फिरत असतात. हे पुस्तक मुळात रोमन साम्राज्यात राहणाऱ्या आशिया मायनरमधल्या सात मंडळ्यांना उद्देशून आहे. सत्तेविरुद्ध उघड बोलणे धोक्याचे होते, म्हणून त्याची भाषा प्रतीकांची. हिब्रूत अक्षरांना अंकमूल्य असते. त्या हिशेबाने हा आकडा सम्राट नीरोचे नाव सुचवतो असे पुष्कळ अभ्यासक मानतात. काही जुन्या हस्तलिखितांत तो ६१६ असा आहे, आणि नीरोच्या नावाच्या दुसऱ्या वर्णलेखनाची बेरीज नेमकी तेवढीच येते. आजच्या एखाद्या यंत्राशी, कार्डाशी किंवा पुढाऱ्याशी त्याचा संबंध जोडण्याआधी हे आठवावे.

मराठीत बायबल कधी आले? भाषांतराने अर्थ बदलतो का?

बायबलमधली कथा मराठीत विस्ताराने प्रथम आली ती गोव्यातच. थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आले. साष्टीत राहून त्यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ असा, म्हणजे जुन्या आणि नव्या कराराच्या क्रमाने आहे. तो बायबलचे शब्दशः भाषांतर नाही, पुराणाच्या रीतीने केलेले कथन आहे. लोकांना समजावे म्हणून मराठीत येथल्या बोलीची मिसळण केल्याचे स्टीफन्स स्वतः सांगतात.

या ग्रंथाची बैठकच प्रश्नोत्तरांची आहे. सुरुवातीला एक धर्मांतरित ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे एखादे का देत नाही? या प्रश्नामागचे दुःख गोव्याला ठाऊक आहे. त्याआधी साष्टीतली देवळे पाडली गेली होती. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, त्याच काळातली ही गोष्ट. ‘क्रिस्तपुराण’ वाचताना त्याची भाषा गोड लागते आणि इतिहास बोचतो. दोन्ही खरे आहे आणि प्रामाणिक वाचकाने दोन्ही लक्षात ठेवावे.

पुढे विल्यम केरी यांनी श्रीरामपूरहून १८०५ साली मत्तय आणि १८११ साली नवा करार मराठीत आणला. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेल्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

शब्दाच्या निवडीने अर्थ नक्कीच सरकतो. स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरला. ऐकणाऱ्याला तो ओळखीचा होता, पण त्याबरोबर विष्णूही येत होता. रमाबाईंनी नेमके असे शब्द टाळले. मूळ भाषांतही हाच पेच आहे. यशयाच्या सातव्या अध्यायातल्या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘तरुणी’ असा होतो. प्राचीन ग्रीक भाषांतराने तेथे ‘कुमारी’ हा शब्द घातला आणि मत्तयने येशूच्या जन्मकथेत तोच उद्धृत केला. यहुदी आणि ख्रिस्ती यांच्यात या एका शब्दावर फार जुना वाद आहे.

अर्थ लावण्याचा अधिकार कोणाला?

कॅथलिक परंपरेत शास्त्र आणि परंपरा दोन्ही प्रमाण असून अधिकृत अर्थ सांगणे ही चर्चच्या धर्मगुरूंची जबाबदारी मानली जाते. मार्टिन लूथर यांनी शास्त्र सर्वांत वर ठेवले आणि १५२२ साली नवा करार जर्मन भाषेत आणून लोकांच्या हाती दिला. आज हे अंतर पूर्वीइतके राहिलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोव्हेंबर १९६५ मध्ये काढलेल्या दस्तऐवजात लेखकाचा हेतू आणि लेखनाचा प्रकार लक्षात घ्यावा असे स्पष्ट सांगितले आणि सर्वसामान्यांनाही बायबल वाचण्याचे आवाहन केले.

मला वाचायचे आहे. सुरुवात कोठून करू?

पहिल्या पानापासून सुरुवात केली तर लेवीयाच्या नियमांपाशी बहुतेक जण थांबतात. त्यापेक्षा मार्क घ्यावा. सोळाच अध्याय, सर्वांत छोटे शुभवर्तमान, एका बैठकीत होते. मग चार-चार अध्यायांची रूथ आणि योना. रूथ ही परदेशी सुनेची कथा आहे. योना देवावर रुसलेल्या संदेष्ट्याची, आणि ते पुस्तक देवाने विचारलेल्या प्रश्नावर संपते, उत्तर देतच नाही. त्यानंतर स्तोत्रसंहितेतली काही स्तोत्रे.

कोणतेही वचन समोर आले की चार गोष्टी पाहाव्यात: हे कोण बोलतो आहे, कोणाला बोलतो आहे, हे लेखन कोणत्या प्रकारचे आहे, आणि याच्या मागे-पुढे काय आहे. मागचे पान आणि पुढचे पान वाचायला दहा मिनिटे लागतात. तेवढ्याने पुष्कळ भांडणे मिटतात. शेजारी ख्रिस्ती असेल तर त्यालाच विचारावे, ‘तुमच्याकडे याचा अर्थ कसा सांगतात?’ आणि त्याने गीतेतल्या एखाद्या श्लोकाविषयी विचारले, तर आपणही मागचे-पुढचे श्लोक वाचून मगच उत्तर द्यावे.